अंगावरून वारं जाण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलंय, "डॉक्टरीणबाई, लोकांना घाबरवू नका, जेवणं व्हायची आहेत." मी घाबरवणार नाही. पण आज आपल्या गावाकडची इतकी माणसं एका मांडवाखाली बसली आहेत. शेतकरी आहेत, मास्तर आहेत, एसटीतले आहेत, मुंबईत माथाडीत गेलेले आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या चालवणारे आहेत. अशी सभा मला दवाखान्यात कधी मिळत नाही. दवाखान्यात माणूस दुखणं घेऊन येतो. मला आज ज्याच्याबद्दल बोलायचंय ते दुखतच नाही. म्हणून हा विषय इथे काढते.

आपल्याकडे "अमक्याला लकवा झाला" असं फार कुणी म्हणत नाही. "त्याच्या अंगावरून वारं गेलं" असं म्हणतात. ऐकताना वाटतं, माणूस ओट्यावर बसला होता, कुठून तरी वारं आलं आणि अर्धं अंग घेऊन गेलं. नशिबाची गोष्ट. मी अंबाजोगाईला शिकून आले आणि पुढची सगळी वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काढली. तेवढ्या वर्षांच्या अनुभवावर सांगते, हे वारं बाहेरून येत नाही. बहुतेक वेळा ते पाच-दहा वर्षं आपल्याच रक्तवाहिन्यांत दबा धरून बसलेलं असतं. त्याचं नाव उच्च रक्तदाब. आपल्या भाषेत बीपी.

पहिला गैरसमज असा की बीपी हा शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या लोकांचा आजार आहे. राबणाऱ्या माणसाला कुठला बीपी? हे मी शेकडो वेळा ऐकलंय, ऐंशी किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. आता आकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २२.७ टक्के आणि स्त्रियांपैकी २०.२ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होतं. शहरातले आकडे थोडे जास्त आहेत, पण फरक दोन-चार टक्क्यांचाच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या अभ्यासात २० वर्षांवरच्यांमध्ये हे प्रमाण ३५.५ टक्के निघालं. म्हणजे देशातल्या दर तीन मोठ्या माणसांमध्ये एकजण.

गडचिरोलीचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला वाटेल, मलेरिया असेल, साप असेल, क्षय असेल. पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं कारण आहे वाढलेला रक्तदाब. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत ही परिस्थिती असेल, तर आपण तरी कुठे वेगळे?

आता हा आजार म्हणजे नेमकं काय, ते आपल्या शेतातल्या भाषेत सांगते. विहिरीवर मोटर, तिथून पाइपलाइन, पुढे ठिबकच्या नळ्या. नळ्यांत क्षार साचले, तोंडं बारीक झाली, तर मोटरवर ताण येतो आणि पाइपमधला दाब वाढतो. पहिल्या दिवशी काही होत नाही. पाणी येत राहतं. आपण म्हणतो, चाललंय की! मग एके दिवशी सांधा उडतो किंवा मोटर जळते. शरीरात हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. सांधा मेंदूत उडाला तर लकवा. मोटर थकली तर हृदयविकार. गाळणीवर दाब पडून ती निकामी झाली तर मूत्रपिंडं गेली, मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावाला खेपा. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नळ्याही यातून सुटत नाहीत.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक जरी गाठला आणि वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो तसाच राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणायचं. डोकं दुखणं, चक्कर, घाम, राग यांवरून बीपी कळत नाही. १८० रक्तदाब घेऊन नांगरट करणारी माणसं मी पाहिली आहेत. जगभरात हा आजार असणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तो असल्याचं माहीत नसतं आणि पाचांतल्या जेमतेम एकाचा रक्तदाब आटोक्यात असतो. उलटंही घडतं. आपल्या बायाबापड्यांना चक्कर आली की घरचे म्हणतात, "बीपी लो झाला, मीठ-साखरेचं पाणी दे." न मोजता! चक्कर अशक्तपणाची असेल, रक्त कमी असल्याची असेल, उपासाची असेल, आणि बीपी वाढलेलाही असेल. मोजल्याशिवाय मीठ पाजू नका.

मोजायचं यंत्र काही कालचं नाही. दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा इटलीतल्या रीवा-रोची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये काढला. पट्ट्याखाली आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवायची रीत कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये सांगितली. आता तर बटन दाबलं की आकडा दाखवणारी यंत्रं आली. पण मोजण्याची शिस्त तीच आहे, ती लक्षात ठेवा. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, विडी नाही. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही. हात छातीच्या उंचीवर टेकलेला. मोजताना बोलायचं नाही. आपल्या गावात हेच सगळ्यात अवघड! मग मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचं. बाजारातून धापा टाकत येऊन उभ्याने मोजलेला आकडा खरा मानू नका, आणि एका आकड्यावरून गोळीही सुरू करू नका.

आता कारणांकडे येते. वय, आनुवंशिकता यांचं आपल्या हातात काही नाही. बाकीचं बरंचसं आपल्या चुलीपाशी आणि बांधावरच आहे.

पहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून. आपण त्याहून कितीतरी जास्त खातो. कोरड्यासात मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, वर ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, आणि आता गावोगावच्या टपरीवर पाच-दहा रुपयांची चिप्स-फरसाणाची पुडी. "घाम जातो, मीठ लागतंच," हा आपला युक्तिवाद. घामातून मीठ जातं हे खरं, पण आपल्या रोजच्या जेवणात ते भरून निघून वर पुष्कळ उरतं. सुरुवात सोपी आहे. ताटात वरून मीठ वाढून घ्यायचं बंद करा. पंधरा दिवस अळणी लागेल, मग जिभेला सवय होते. चीनमध्ये खेड्यापाड्यांतच एक मोठा प्रयोग झाला, ६०० गावं आणि जवळपास २१ हजार माणसं. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ दिलं. त्या गावांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि काही विशिष्ट गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

दुसरं तंबाखू. पुरुष तळहातावर मळतात ते दिसतं. बायका सकाळी दात घासायचं निमित्त करून मिसरी लावतात, ते कुणी मोजत नाही. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावली की रक्तदाब चढतो, दिवसात चारदा लावली तर चारदा चढतो. तिसरी दारू, त्याबद्दल या मांडवात जास्त बोलत नाही, ज्याचं त्याला कळतं.

चौथं कारण तुम्हाला नवीन वाटेल. अंगदुखीची गोळी. दिवसभर वाकून खुरपल्यावर, मोळ्या वाहिल्यावर अंग ठणकतं. दुकानातून दोन गोळ्या घेतल्या की सकाळी पुन्हा कामाला उभं राहता येतं. या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढवतात, बीपीच्या औषधाचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडावर घाव घालतात. कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीत तर स्टेरॉइडही असू शकतं. पाचवं, झोप. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणारे माझे भाऊबंद आठ-आठ दिवस नीट झोपत नाहीत. झोपमोडीचा आणि रक्तदाबाचा सरळ संबंध आहे. त्यावरचा उपाय माझ्या पेटीत नाही, हे मला मान्य आहे. दिवसा वीज मिळाली पाहिजे, ही मागणी शेतीची आहे तशी तब्येतीचीही आहे, एवढं मी डॉक्टर म्हणून सांगू शकते.

औषधांबद्दल सांगायचं तर एक अभिमानाची गोष्ट आहे. एकेकाळी जगात बीपीवर धड औषध नव्हतं. १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा रक्तदाब किती वाढतोय हे डॉक्टरांना दिसत होतं, पण तो उतरवायला हाती फारसं काही नव्हतं. पुढे १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आज ते औषध मागे पडलंय, त्याहून चांगली आणि सुरक्षित औषधं आली आहेत. तेव्हा सर्पगंधा उगाळून घेऊ नका, पण वाट आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी दाखवली हे विसरू नका. तसंच कोकणात महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या रुग्णांपाशी बसून रक्तदाब मोजत राहिले. विंचवाच्या विषाने रक्तदाब भडकतो हे ओळखून त्यांनी बीपीचीच एक गोळी, प्राझोसिन, वापरली आणि विंचूदंशाने दगावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. खेड्यातल्या दवाखान्यात नीट मोजलेला रक्तदाब काय करू शकतो, याचा याहून मोठा दाखला नाही.

आजची गोळी साधी आहे. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही नावं तुमच्यातल्या अनेकांना पाठ असतील. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. विकत घ्यायची वेळ आलीच तर जेनेरिक गोळीचा दिवसाचा खर्च एका कटिंग चहापेक्षा कमी आहे. वरचा आकडा १० ने उतरला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. एवढ्या स्वस्तात एवढा मोठा फायदा देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

आणि तरीही माणसं गोळी सोडतात. "सवय लागते." सवय गोळीची लागत नाही, आजार कायमचा असतो म्हणून गोळी कायम घ्यावी लागते. "आता नॉर्मल आलंय." अहो, ते गोळीमुळे आलंय! छत्री उघडली म्हणून डोकं कोरडं राहिलं, तर पाऊस थांबला असं समजून छत्री मिटू नये. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टर मोजून कमी करतील. पाय सुजणं, खोकला, चक्कर असा काही त्रास झाला तर येऊन सांगा, गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका.

पण सगळ्यांच्या बाबतीत हा हट्टीपणाच असतो असं नाही. इथे मी माझ्या खऱ्या विषयावर येते.

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात ४४ वर्षांचा एक माणूस माझ्याकडे जीपमधून आणला. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, रक्तदाब २१०/१२०. शेजारच्या तालुक्यातला, ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेला. फडात मोळी उचलताना पडला. तिथल्या दवाखान्यात दोन दिवस राहिला आणि पैसे संपल्यावर त्याला गावाकडे घेऊन आले. बायकोने पिशवीतून एक कार्ड काढलं. आपल्याच आरोग्य उपकेंद्राचं. त्याच्यावर श्रावणात मोजलेला १६८/१०४ आकडा होता, गोळी लिहिलेली होती, तीन महिन्यांच्या तीन नोंदी होत्या. दिवाळीनंतर कार्ड कोरं. टोळी निघाली, महिन्याच्या गोळ्या फडावरच्या कोपीत संपल्या. दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर, आणि खाडा केला तर पैसे कापतात.

या माणसाच्या बाबतीत आशाताईने काम केलं होतं, सिस्टरने केलं होतं, त्याने स्वतःही तीन महिने न चुकता गोळी घेतली होती. तुटलं ते मधलं अंतर. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक पडला की कोयता मोडला. उचल फिटलेली नाही, ती पुढच्या हंगामावर गेली. त्याचा थोरला मुलगा तेव्हा आपल्याच शाळेत नववीत होता. पुढच्या वर्षी दहावीच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. आईबरोबर कोयत्याची जागा भरायला तो गेला. एका माणसाच्या रक्तदाबाचा हिशेब शाळेच्या हजेरीपटापर्यंत येतो, म्हणून हे मी शाळेत सांगतेय.

थंडीत रक्तदाब एरवीपेक्षा थोडा चढतो आणि आपला तोडणीचा हंगाम नेमका थंडीतला. पहाटेचा गारठा, अपुरी झोप, अंगदुखीच्या गोळ्या, तंबाखू, आणि बीपीची गोळी मात्र संपलेली. वारं कुठून येतं, ते आता सांगायला नको.

यावर मार्ग आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. २०१७ पासून देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातला साताऱ्यासारखा जिल्हाही पहिल्या टप्प्यात होता. त्याची सूत्रं साधी: ठरलेली औषधं, औषधाचा अखंड साठा, घराजवळच्या उपकेंद्रात गोळी, आणि जो आला नाही त्याला शोधून काढणं. आपल्याला त्यात आपल्या भागापुरती एक ओळ जोडायची आहे: जो स्थलांतर करतो त्याच्यामागे गोळी गेली पाहिजे.

म्हणून तीन मागण्या करते.

पहिली मागणी मुकादम मंडळींकडे. आपल्यात तीन-चार जण बसले आहेत, मी नावं घेत नाही, तुम्ही माझ्याच बाकावर बसलेले आहात. टोळी निघायच्या आधी दसरा-दिवाळीच्या दरम्यान तिशीवरच्या सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या. ज्यांना गोळी चालू आहे त्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या द्याव्यात म्हणून आरोग्य केंद्रात मी स्वतः तुमच्याबरोबर येते. कार्ड ट्रंकेत नको, पिशवीत ठेवायला सांगा. ते दाखवलं की कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुढचं कळतं. आणि महिन्यातून अर्धा दिवस दवाखान्यासाठी दिला तर त्याचे पैसे कापू नका. कोयता मोडण्यापेक्षा अर्धा दिवस स्वस्त आहे, हा तुमच्याच फायद्याचा हिशेब आहे.

दुसरी मागणी बाहेरगावी स्थिरावलेल्यांकडे. शाळेला कमान बांधायची चर्चा मी सकाळी ऐकली. कमान जरूर बांधा. तिच्या आधी आपल्या परिसरातल्या प्रत्येक वाडी-वस्तीसाठी एक चांगलं, प्रमाणित रक्तदाब यंत्र आणि दोन मापांचे पट्टे घेऊया. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा कमी येतो, जाड दंडाला लहान लावला की जास्त येतो, म्हणून दोन मापं. पालकसभेच्या दिवशी शाळेतही मोजणी ठेवू. आठवी-नववीची पोरं आकडा वाचायला आणि वहीत लिहायला एका तासात शिकतात. आईबापाला डॉक्टरने सांगितलेलं पटत नाही, ते लेकीने सांगितलेलं पटतं.

तिसरी मागणी सगळ्यांकडे. वारं जाताना ओळखा. चेहरा एका बाजूला ओढला, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक झालं, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. तेल चोळू नका, तोंडात काही घालू नका, अंगारा-धुपारा नंतर करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आपल्या गावापासून सीटी स्कॅनची सोय असलेला दवाखाना किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यातले दोन तास ओट्यावर चर्चेत घालवले तर हातात काय उरतं?

जेवणानंतर जुन्या सातवी अ च्या वर्गात दोन सिस्टर आणि मी यंत्रं घेऊन बसणार आहोत. आज इथे अंदाजे तीनशे जण आहेत. मघाच्या हिशेबाने साठ-सत्तर जणांचा रक्तदाब वाढलेला निघेल, आणि आपली वयं पाहता जास्तच. त्यांतल्या बऱ्याच जणांना आज पहिल्यांदा कळेल. सरांनीही यायचंय आणि बाईंनीही. इतकी वर्षं तुम्ही आमची परीक्षा घेतलीत, आज आम्ही तुमची घेतो. महिलांनी "आधी यांचं बघा" म्हणून मागे थांबायचं नाही, त्यांची रांग वेगळी आणि पहिली आहे. आकडा जास्त आला तर घाबरायचं नाही, कार्ड देऊ, पुढच्या आठवड्यात आपापल्या उपकेंद्रात पुन्हा मोजायचं.

आणि जेवणानंतरचा चहा मोजून झाल्यावर घ्या.